मनातला मुद्देमाल

उकळत्या तेलातून रवा काढण्याचे दिव्य आमच्या पूर्वजांनी योजिले, तेव्हा संशयिताच्या अंतःकरणाचा ठाव पंचांना बसल्या जागी लागत असे आणि हात भाजण्याची तोशीस तेवढी संशयितास पडे. पुढे शास्त्र सुधारले, तेल जाऊन तारा आल्या, परंतु बसल्या जागी निकाल मिळावा ही हौस जशीच्या तशी राहिली.

मिशिगन राज्यातील ॲन आर्बर हे विद्यापीठाचे नगर. तेथे विद्वानांचा दुष्काळ नव्हता. तरीही १९६७ पासून त्या परिसरात एकामागून एक तरुणींचे खून पडू लागले आणि तपास खुंटला, तेव्हा हवालदिल नागरिकांनी १९६९ च्या जुलैत पीटर हुर्कोस या डच अतींद्रियदर्शी गृहस्थांना पाचारण केले. दूरच्या गोष्टी दिसतात अशी त्यांची ख्याती. परंतु त्यांचा मुक्काम असतानाच शेजारच्या इप्सिलँटीतून आणखी एक तरुणी नाहीशी झाली आणि तिचा मृतदेहच हाती आला. पक्का पुरावा सापडला तो एका पोलिसाला, आणि तोही स्वतःच्याच तळघरात: सुट्टीवरून परतल्यावर त्याला तेथे रंगाचे नवे डाग दिसले, आणि घरच्या मुलांचे केस कापताना फरशीवर सांडलेले तुकडे मृत तरुणीच्या वस्त्रांवरील तुकड्यांशी जुळले. घर राखावयास ठेवलेला नातलगच १९७० साली दोषी ठरला.

बसल्या जागी निकालाची हीच हौस पुढे आपल्याकडेही दिसली. पुण्यात २००८ साली विषप्रयोगाच्या एका खटल्यात सत्र न्यायालयाने जन्मठेप ठोठावताना मेंदूच्या विद्युत्तरंगांच्या चाचणीचाही आधार घेतला. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य नाही, ही कायद्याची जुनी अडचण या चाचणीने मोठ्या खुबीने दूर केली. कारण येथे ‘मी विष विकत घेतले’ अशा धर्तीची वाक्ये दुसऱ्याने वाचावयाची, आरोपीने डोक्याला तारा लावून निमूट बसावयाचे, आणि मेंदूने परस्पर सही करावयाची! घडलेले, ऐकलेले आणि वकिलाकडून शंभरदा उजळलेले यांतील भेद मेंदू इमानाने कळवितो, असा तज्ज्ञांचा दावा.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून अशी चाचणी घेण्यास मनाई केली. आता संशयिताच्या संमतीची वाट पाहणाऱ्या अंमलदारांना एवढीच अर्जी की, पंचनामा होईपर्यंत तळघर कोणास झाडू देऊ नये.