तीन वर्षांनी या

पुण्याच्या भाऊजींचा परवा झाशीला फोन. "परप्रांतीयांचे लोंढे थांबवायचे तर घटनाच बदलायला हवी! कलम १९ मधलं ते कुठंही जाऊन राहायचं स्वातंत्र्य आधी काढा." मी नुसतं "हो, हो" केलं. झाशीचं राजघराणं म्हणजे नेवाळकर; त्यांच्या मागोमाग आमचे पूर्वज कोकणातून इथं आले, तेव्हा त्यांना कुणी दाखला मागितला नव्हता. बरोबर तलवारी होत्या, म्हणून असेल. राहता राहिली घटनादुरुस्ती. तिला संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात. भाऊजींच्या सोसायटीत तेवढी टँकरच्या वर्गणीलासुद्धा पडत नाहीत.

"आणि ज्याला इथली भाषा येत नाही, त्यानं चालतं व्हावं!" भाऊजी पुढे म्हणाले. हे मात्र ऐकल्यासारखं वाटलं.

आमच्या गावचे वकील रघुनाथ विनायक धुळेकर. आडनावात धुळं, घर झाशीत. १० डिसेंबर १९४६, घटना समितीचा दुसराच दिवस. घटनेचा अजून पत्ता नाही. धुळेकर उठले आणि हिंदुस्थानीत बोलू लागले. अध्यक्ष म्हणाले, अहो, इथं अनेकांना ही भाषा कळत नाही. त्यावर धुळेकर कडाडले, की ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही, आणि असे सभासद समितीतही नकोत! भाऊजींची अट मूळची आमच्याच गावची निघाली. फक्त भाषा दुसरी.

धुळेकरांचं पुरतं कुणी ऐकलं नाही. हिंदी राजभाषा झाली, पण इंग्रजीला १५ वर्षांची मुदत मिळाली. महाराष्ट्रात डोमिसाइललाही १५ वर्षंच लागतात. इंग्रजीनं १९६५ साली ती भरली आणि बाई इथल्याच झाल्या.

"मग पंधरा वर्षांची अटच घाला ना घटनेत!" भाऊजी.

घाला. पण मग आमच्या बाईसाहेबांचं काय? जन्म काशीचा, बालपण ब्रह्मावर्तात, लग्न होऊन झाशीत आल्या १८४२ साली. १८५४ मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केलं, तेव्हा 'मेरी झाँसी नहीं दूँगी' म्हणाल्या, असं सगळं जग सांगतं. 'मेरी'? रहिवास भरतो जेमतेम १२ वर्षं! खिडकीवरच्या कारकुनानं चष्म्यावरून बघत अर्ज परत सरकवला असता: "तीन कमी पडतात. तीन वर्षांनी या."

आल्या की. १८५७ साली.