तौलनिक गिर्यारोहक

पुण्यातल्या कुठल्याही क्लाइंबिंग वॉलपाशी संध्याकाळी सहानंतर जा. दोराला लटकलेली मंडळी सोडून द्या, ती सगळीकडे सारखीच. खाली हार्नेस चढवून, हाताला चॉक फासून, भिंतीकडे पाठ करून जो गृहस्थ कुणाला तरी काही समजावून सांगत असेल, तो आपला माणूस. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीत, घर कोथरूडला किंवा कोथरूड म्हणून विकल्या गेलेल्या एखाद्या जागी. बूट उत्तम आणि कोरे.

"काय, चढताय ना?" असं त्याला विचारू नये. विचारलंत तर तो घड्याळाकडे बघतो, तुमच्याकडे वेळ आहे याची खात्री करून घेतो आणि म्हणतो, "चढायचंच आहे हो. पण आधी योग की पिलाटेस, हे एकदा नक्की झालं पाहिजे."

त्याला वानरलिंगी चढायचीय. नाणेघाटाजवळ जीवधनला खेटून उभा असलेला तो सुळका त्याच्या मोबाइलवर, लॅपटॉपवर आणि फ्रिजच्या दारावर आहे. सह्याद्रीत चढाईचा हंगाम पावसाळा सरून कातळ वाळला की सुरू होतो आणि उन्हं तापायला लागली की संपतो. याचा निर्णयाचा हंगाम मात्र बारमाही. दर दिवाळीला ग्रुप निघतो, दर दिवाळीला हा म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे, माझा पाया अजून कच्चा आहे."

पाया पक्का करण्यासाठी त्याने एक एक्सेल फाइल केली आहे. डावीकडे योग, उजवीकडे पिलाटेस, मधे रकाने: लवचिकता, पोटाची ताकद, तोल, श्वास, फी, घरापासून अंतर आणि पार्किंग. पुण्याबाहेरच्या वाचकाला शेवटचा रकाना विनोदी वाटेल. पुणेकराला वाटणार नाही, कारण योग एकदा जवळपास जिंकलाच होता आणि निव्वळ पार्किंगवर मागे पडला.

योगाची बाजू घरात सासरे लढवतात. "जावईबापू, अय्यंगार गुरुजी 1937 साली पुण्यात आले. 1975 पासून मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था आहे. जगभरची माणसं विमानाने येतात तिथे शिकायला, आणि तुम्ही कोथरूडहून निघून बाणेरला एका जर्मन माणसाकडे जाता?" तो जर्मन माणूस 1967 सालीच वारला, हे सांगण्यात अर्थ नसतो. पण सासऱ्यांच्या आग्रहाने हा एका अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला गेला आणि हरखून परत आला. तिथे भिंतीला दोर होते! कडीत अडकवलेले, धरून लोंबकळायचे. भिंत आहे, दोर आहे, माणूस उलटा टांगलेला आहे. म्हणजे हे गिर्यारोहणच झालं की. पुढचे काही महिने त्याने ग्रुपवर स्वतःचे त्या दोरांवरचे फोटो टाकले. खाली सतरंजी दिसत होती एवढंच.

मग पिलाटेस. बाणेरच्या स्टुडिओत रिफॉर्मर नावाचं यंत्र असतं: लाकडी चौकट, त्यात सरकणारा पाट, खाली स्प्रिंगा, वर हातापायांत अडकवायचे पट्टे. आईने त्याचा व्हिडिओ बघितला आणि विचारलं, "एवढे पैसे भरून पलंगावर पडायला जातोस? घरचा काय वाईट आहे?" आईचा नेम नकळत बरोबर लागला होता. जोसेफ पिलाटेस हा 1883 साली जर्मनीत जन्मलेला माणूस पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नजरकैदेत होता, आणि तिथे आजाऱ्यांच्या खाटांनाच स्प्रिंगा बांधून त्याने व्यायामाची सुरुवात केली, असं सांगतात. पुढे तो न्यूयॉर्कला गेला, तिथल्या नर्तकांना तो आवडला. आपल्या पद्धतीला तो स्वतः कंट्रोलॉजी म्हणायचा. हे सगळं आपला माणूस आईला सविस्तर सांगतो. आई "असं होय" म्हणते आणि कुकर बंद करायला जाते.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. या माणसाची चेष्टा करणं सोपं आहे, पण तो बोलतो ते बहुतेक खरं असतं. भिंत अंगावर येणारी असली की पाय सुटतात, पाय सुटले की सगळं वजन दोन हातांवर येतं आणि बाहू दगडासारखे भरून येतात. तिथे पोट आणि कंबर आवळून पाय जागच्या जागी ठेवायची जी ताकद लागते, ती पिलाटेस देतं. उलट सरळसोट कातळावर कंबर भिंतीला चिकटली पाहिजे. गुडघे बाहेर, खुबे उघडे, वजन पायांवर. बद्धकोणासन ज्याला नीट जमतं त्याला हे जमतं. छातीपर्यंत पाय उचलून ठेवायचा असेल तर मांडीमागचे स्नायू सैल हवेत, आणि बोटभर कंगोऱ्यावर एका पायावर उभं राहायचं असेल तर वृक्षासन वाया जात नाही. म्हणजे शहरातल्या पुढे झुकलेल्या प्लायवूडच्या भिंतीला पिलाटेस आणि वानरलिंगीला योग, असा निकाल त्याच्याच फाइलमधून निघतो. तो निकाल त्याने पिवळ्या रंगात रंगवलाही होता. मग म्हणाला, "पण वानरलिंगीची तयारी प्लायवूडवरच करायची ना? म्हणजे परत आलोच की मूळ पदावर!"

दोन्हींकडून सुटलेला एकच अवयव आहे, बोटं. चटईवर माणूस जमिनीला ढकलतो, कड्यावर स्वतःला ओढून घ्यावं लागतं. सतत ओढून खांदे पुढे आलेल्या चढणाऱ्यांना अधोमुख श्वानासन बरं वाटतं ते म्हणूनच. पण बोटांचे स्नायुबंध त्याने कसे पक्के व्हावेत? ते स्नायूंपेक्षा फार सावकाश पक्के होतात आणि ते होण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे हळूहळू, बेताने, वर्षानुवर्षं चढत राहणं. हेही त्याला ठाऊक आहे. फाइलमध्ये 'बोटं' नावाचा रकाना आहे. तो रिकामा आहे.

एकदा मंडळींनी त्याला जवळजवळ उचलूनच भिंतीला लावलं. चढला की! लवचीक माणूस, पोट घट्ट, अर्ध्यापर्यंत सुरेख गेला. मग अवघड जागा आली आणि तो थांबला. खालून बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा, ओरडला, "श्वास घे रे, श्वास!" तिथेच घात झाला. योगात नाकाने घ्यायचा, नाकानेच सोडायचा. पिलाटेसमध्ये नाकाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा, आणि घेताना पोट आत ठेवून बरगड्या बाजूंना फुगवायच्या. वरून प्रश्न आला, "सोडू कुठून?" खालच्या पोराला वाटलं, हात सोडायचं म्हणतोय. त्याने दोर आवळला, "सोड, धरलंय तुला!" म्हणाला आणि आपला माणूस श्वास कोंडलेल्या अवस्थेतच अलगद खाली आला. जमिनीला पाय टेकल्यावर त्याने आधी श्वास सोडला, तोंडाने, आणि तशी नोंद केली.

गंमत अशी, की त्याच्या सल्ल्यावर बाकीचे चढतात. फर्ग्युसनची एक मुलगी एका आडव्या चालीवर कितीतरी आठवडे अडली होती. हा नुसता म्हणाला, "उजवा खुबा भिंतीला लाव, डावा गुडघा बेडकासारखा उघड." ती गेली निघून. त्या हिवाळ्यात वानरलिंगीच्या माथ्यावरून तिने फोन केला, "दादा, तू सांगितलंस तस्संच केलं!" दादाने तिला आधी विचारलं की माथ्यावर रेंज कुठल्या कंपनीची येते.

आणि बिले द्यायला त्याच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही. इतरांच्या माना दहा मिनिटांत आखडतात, हा तासभर मान वर करून शांतपणे उभा राहतो. पाठ ताठ, खांदे सैल, गुडघे किंचित वाकलेले, दोरावर हात, नजर वर. इतक्या वर्षांच्या योगाचं आणि पिलाटेसचं झालेलं सोनं हे असं जमिनीवर उभं असतं. चढणारे त्याच्यासाठी नंबर लावतात. माझ्या मते हेच त्याचं खरं काम आहे आणि ते त्याला सांगण्याची आमच्यापैकी कुणाची छाती नाही, कारण मग तो त्याचाही पाया पक्का करायला घेईल.

परवा घ्यायला लागलाच. बिले देणाऱ्यांसाठी लोलकाचे चष्मे मिळतात, मान सरळ ठेवून वरचं दिसतं. त्याने नवी फाइल उघडली आहे. डावीकडे मानेचे व्यायाम, उजवीकडे चष्मा. मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून त्याने विचारलं, "तुला जवळचा नंबर आहे ना? किती आहे? आणि तो या चष्म्याच्या आतून लावायचा की बाहेरून?"