न उडणारा फ्यूज

आमच्या साताऱ्याच्या घरातला फ्यूज कधी उडत नसे, याचा आम्हाला कुळाचारासारखा अभिमान होता. आळीत कुणाकडे ना कुणाकडे सारखा अंधार व्हायचा. अप्पा मात्र ओट्यावर सुपारी कातरत म्हणायचे, "आपल्या फ्यूजला माझा हात लागलाय."

तो हात किती लागला होता, ते यंदा श्रावणात कळलं. माजघरात मासळीचा वास सुटला. आम्ही आधी शेजाऱ्यांवर संशय घेतला आणि ऐन श्रावणात घेतला, म्हणजे पाप दुप्पट. वास निघाला मेनच्या फळीतून. तिथलं बेकेलाइट तापलं होतं.

वायरमन आला. माझा मुलगा असता तर मी 'अरे-तुरे' केलं असतं, पण मेन बंद करणाऱ्या माणसाला आपोआप 'अहो' होतं.

"काय काय वाचेल?" मी विचारलं. काय बदलावं लागेल हा प्रश्न आमच्या घराण्यात विचारत नाहीत. आमच्या मिक्सरचं भांडं एकाचं, झाकण दुसऱ्याचं आणि कपलर तिसऱ्याचा आहे. आमटीला त्याचं काही वाटत नाही.

त्यानं गीझरसाठी मागाहून बसवलेली एमसीबी काढली. एक बाजू वितळून तिरपी झाली होती. "स्क्रू ढिला राहिला. ढिल्या जोडात वायर तापते, तापली की आणखी ढिली होते."

"पॉलिशपेपरनं घासून बघू या का?"

"वरचं घासाल, आतलं काय?" आत गरम झाल्यावर वाकणारी दोन धातूंची पट्टी आणि शॉर्ट झालं की खटका पाडणारी कॉइल असते. बाहेरचा डबा रिव्हेट मारून कायमचा बंद. "ही पुन्हा पडेल की नाही, हे पुढच्या शॉर्टलाच कळणार. आणि घासलं की वरचा मुलामा जातो, मग जास्तच तापतं."

मी गप्प झालो, पण हरलो नव्हतो. चिनी मातीची फ्यूजची किटकॅट होती ना! तिचं कामच जळणं आणि पुन्हा तार बांधून घेणं. दुरुस्तीसाठीच जन्माला आलेली वस्तू. मी ती विजयी मुद्रेनं पुढे केली.

त्यानं ती उलटी केली, टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"ही तार कुणी घातली?"

"वडिलांनी."

पाच अँपिअरच्या फ्यूजला साधारण ०.२ मिलिमीटरची, केसासारखी तार लागते. अप्पांनी आगपेटीच्या काडीच्या निम्म्या जाडीची तांब्याची तार पिळून बसवली होती. ती वितळायला सत्तर-ऐंशी अँपिअर लागले असते. तोवर १९६८ सालच्या वायरिंगचं रबर भाजून निघालं असतं. निघालंच होतं म्हणा. फळीमागे बोट लावलं तर ते काळ्या मशेरीसारखं हाताला आलं.

म्हणजे इतकी वर्षं आमचा फ्यूज उडत नव्हता, कारण तो फ्यूजच नव्हता.

मग वाद संपला. नवा डबा आला. दिव्यांना सहा, पंख्यांना दहा, गीझरला वीस अँपिअर अशी ओळीनं एमसीबींची पंगत बसली. भिंतीतून नवी वायर, अंगणात अर्थिंगचा खड्डा, आणि सगळ्यांच्या वर, वीज गळली की खटका पाडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. मीटरच्या सीलला मात्र त्यानं हात लावला नाही. "ते वीजवाल्यांचं. आपलं त्याच्या पुढचं."

त्याच संध्याकाळी सौभाग्यवतींनी इस्त्रीचा प्लग लावला आणि खटकन घर अंधारलं. मी हौसेनं फोन केला, "तुमचा नवा डबा बिघडला!"

"इस्त्री काढून बघा."

काढली. खटका वर केला, दिवे आले. लावली, गेले. ही इस्त्री हाताला मुंग्या आणते म्हणून बायको आठ वर्षं सांगत होती, आणि मी पायात चप्पल घालायला सांगत होतो.

"बदला ती," तो म्हणाला.

"एकदा येऊन बघून तर जा," मी म्हणालो, "एलिमेंट तेवढं बदलून होतंय का."