व्हिसा नको, तिकिटावर शेरा हवा

दुबईत विमान बदलता बदलता ट्रान्झिट व्हिसावर बुर्ज खलिफा उरकून येणं ही हल्ली हुशारीची परिसीमा मानतात. मग मुंबई-हावडा मार्गावरचा प्रवासी गोंदिया जंक्शनला का उतरत नाही? रेल्वेच्या नियमात ‘ब्रेक जर्नी’ची सोय जुनीच आहे. तिकीट 500 किलोमीटरांहून लांबचं असलं, की तेवढं अंतर कापल्यावर वाटेत उतरावं, स्टेशन मास्तरांचा शेरा घ्यावा आणि दोन दिवस हिंडावं. राजधानी-शताब्दीवाल्यांना मात्र ही मुभा नाही. घाईतल्या माणसांना थांबवून उगाच पाप कशाला घ्या! चीनने डिसेंबर 2024 मध्ये 54 देशांच्या नागरिकांना वाटेत 240 तास थांबू दिलं, त्यांत आपण नव्हतो. गोंदियाने अजून कुणाचा पासपोर्ट मागितलेला नाही.

‘पण तिथे आहे काय?’ हा आक्षेप बहुधा चालत्या गाडीतूनच घेतला जातो. नवेगाव-नागझिरा हा 2013 पासूनचा व्याघ्रप्रकल्प, तळ्याकाठचे सारस, दरेकशाजवळचा हाजरा धबधबा, कचारगडची गुहा, यादी पुरे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: तिकीट चालेल, पण पुढच्या गाडीत बर्थ कोण देणार? खरंय. शिवाय धबधबा भरात असतो तेव्हा पावसाळ्यासाठी जंगल बंद, आणि जंगल उघडून वाघ दिसू लागेपर्यंत धबधबा रोडावलेला. म्हणजे दोन्ही पाहायचं तर दोनदा तिकीट काढावं लागणार. रेल्वेची त्याला हरकत नसावी.