बॅटल पास साहेब, आपले उपकार कसे फेडू?

श्री. रा. रा. बॅटल पास साहेब यांसी,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, ठरावीक मुदतीत व्हिडिओ गेम खेळून एकेका टप्प्याचं बक्षीस उघडायचा आपला जुना सीझन संपला आणि नवा सुरू झाला. जुन्यातले शेवटचे काही टप्पे माझे राहून गेले. त्यांचे पैसे मात्र आपण सुरुवातीलाच घेतले होते. त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. आपल्यासारख्या कामाच्या माणसाला तक्रारी वाचायला सवड कुठून असणार? म्हणून हे निव्वळ आभाराचं पत्र आहे. उपकार इतके आहेत की ते चारचौघांत बोलून दाखवावेत, असं वाटलं.

आपला जन्म चांगल्या घरात झाला, हे आम्ही विसरलेलो नाही. २०१३ साली व्हॉल्वनं 'डोटा २'च्या 'द इंटरनॅशनल' या स्पर्धेसाठी 'कंपेंडियम' नावानं आपलं पहिलं रूप विकायला काढलं. विक्रीतला चौथा हिस्सा बक्षिसाच्या रकमेत जायचा. आवडत्या खेळासाठी खेळाडू हौसेनं पैसे देत होते आणि पैसे कुठे जातात तेही त्यांना दिसत होतं. २०२१ मध्ये ही बक्षिसाची रक्कम चार कोटी डॉलरांवर गेली. पुढे २०२३ साली त्याच व्हॉल्वनं आपल्याला निरोप दिला. बहुतेक खेळाडू बॅटल पास कधी घेतच नाहीत आणि खेळातली सगळी नवनिर्मिती मात्र त्या एकाच गोष्टीभोवती फिरू लागली आहे, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. जन्मघरानं दार दाखवलं खरं, पण तोवर आपला संसार जगभर थाटला गेला होता. अभिनंदन.

आमच्या महाराष्ट्रातही आपलं बस्तान उत्तम आहे. मोबाइलवर 'बीजीएमआय' ही 'पबजी'ची भारतीय आवृत्ती खेळणारी पोरं आपल्याला लाडानं 'आरपी' म्हणतात. शाळेच्या गेटपाशी "आरपी घेतला का?" असा प्रश्न येतो आणि नाही म्हणणाऱ्याचा चेहरा उतरतो. मोबाइलवर घेतलेल्या त्या आरपीचा पीसीवरच्या 'पबजी'त काडीचाही उपयोग नाही. मोठा भाऊ पीसीवर, धाकटा मोबाइलवर, दोघे एका घरात. पण एका सामन्यात नाहीत. एकाच घराण्यात दोन वेगळे खेळ आणि दोन वेगळे गल्ले ठेवण्याच्या या व्यवस्थेचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आपलं एक श्रेय मात्र मी अगदी मनापासून देतो. आपल्याआधी 'सीझन पास' नावाचे आपले थोरले बंधू होते. 'कॉल ऑफ ड्यूटी'त ते ५० डॉलरला वर्षभराचे मॅप पॅक विकत. ज्यानं घेतले तो नव्या मैदानांवर, ज्यानं नाही घेतले तो जुन्या. खेळणारे असे विभागले गेले की काही महिन्यांत नव्या मैदानांवर सामना जुळायलाच माणसं मिळेनात. त्याच मालिकेतल्या २०१९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर'नं मैदानं सगळ्यांना फुकट दिली, कमाई सजावटीवर ठेवली, आणि पीसी, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवाल्यांना एकमेकांशी खेळू दिलं. हे आपल्यामुळे घडलं आणि ते चांगलं घडलं. मात्र त्याच खेळातला 'सर्व्हायव्हल' हा प्रकार पहिलं वर्षभर फक्त प्लेस्टेशनवाल्यांसाठी राखून ठेवला होता. एक्सबॉक्सवाल्यानं किंमत पूर्ण मोजली, खेळ कमी मिळाला, आणि शेजारी खेळणाऱ्या मित्राचा पूर्ण खेळ बघण्याचं सुख वर मिळालं.

यंत्रांमधल्या भिंती पडल्या त्याची गोष्टही आपल्याशिवाय पूर्ण होत नाही. 'फोर्टनाइट'साठी सोनीनं प्लेस्टेशनचं दार एक्सबॉक्ससारख्या दुसऱ्या यंत्रांना उघडलं ते सप्टेंबर २०१८ मध्ये, खेळाडूंनी बराच आरडाओरडा केल्यावर. आम्हाला वाटलं, आता मैत्री मोकळी झाली. २०२१ मध्ये 'फोर्टनाइट' बनवणारी एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात कागदपत्रं बाहेर आली तेव्हा दाराचं भाडं कळलं. एखाद्यानं खेळायचं प्लेस्टेशनवर आणि खरेदी करायची दुसरीकडे, असं प्रमाणाबाहेर होऊ लागलं, तर एपिकनं सोनीला भरपाई द्यायची. म्हणजे चार मित्र चार यंत्रांवरून एकत्र खेळत असताना, कोणी कोणत्या दुकानातून आपल्याला विकत घेतलं याचा हिशेब पाठीमागे चालू होता. आमच्या हसण्या-खिदळण्याचीही वाटणी होते हे समजल्यावर आम्हाला आमच्या मोलाची जाणीव झाली. आभारी आहोत.

आणि आयफोनवाल्यांना तर आपण विसरणं शक्यच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये एपिकनं, आपल्या खरेदीला लागणारे व्ही-बक्स हे 'फोर्टनाइट'मधलं चलन थेट आमच्याकडून घ्या, ९.९९ डॉलरचे ७.९९ ला देतो, अशी सोय ॲपमध्येच केली. ॲपलचा नियम मोडला जातोय हे एपिकला पुरतं ठाऊक होतं. १३ ऑगस्टला ॲपलनं खेळ दुकानातून काढला, एपिकनं त्याच दिवशी खटला भरला. दोन आठवड्यांनी, २७ ऑगस्टला नवा सीझन सुरू झाला तो आयफोन, आयपॅड आणि मॅकवर पोचलाच नाही. कालपर्यंत एकाच स्क्वॉडमध्ये असलेली मुलं दोन सीझनमध्ये अडकली. इकडचा तिकडच्याला बोलावू शकेना. दोन श्रीमंत कंपन्यांनी दोन डॉलरांच्या वाटणीवरून न्यायालयात जावं, याला आमची हरकत नाही. पण त्या भांडणात ज्याचा मित्र गेला, त्या बारा वर्षांच्या मुलाला कोणत्याही न्यायालयात उभं राहता आलं नाही. हे मी पत्राचा सूर सोडून लिहितो आहे, क्षमा असावी.

सजावट विकणं पुरेसं वाटेना म्हणून आपण पुढे माणसंच कुलपात ठेवलीत, तोही प्रसंग स्मरणात आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लिझार्डचा 'ओव्हरवॉच २' आला. आधीचा 'ओव्हरवॉच' लोकांनी रोख पैसे देऊन घेतलेला होता. त्याचे सर्व्हर आदल्या दिवशी बंद झाले. नव्या खेळात किरिको ही नायिका पास घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी आणि फुकट्याला पंचावन्नाव्या टप्प्यावर. ज्या खेळात समोरच्यानं कोण निवडलं हे बघून आपला नायक बदलावा लागतो, तिथे एकाच संघातल्या एकाकडे पर्याय आहे आणि दुसऱ्याकडे नाही. तो हरला की सोबतचे चौघेही हरणार. एप्रिल २०२४ मध्ये ब्लिझार्डनं ही कुलपं काढली. दीड वर्षांत एवढी माया दाखवल्याबद्दल आपल्याला दंडवत.

'डेस्टिनी २'मधल्या आपल्या कामगिरीपुढे मात्र हे सगळं फिकं आहे. २०१९ मध्ये बंजीनं तिथे 'क्रॉस सेव्ह' आणलं: प्लेस्टेशनवरचं आपलं पात्र, त्याची हत्यारं, सगळं पीसीवर घेऊन जा. फक्त विकत घेतलेली एक्सपान्शन्स तेवढी सोबत येणार नाहीत, ती प्रत्येक यंत्रावर नव्यानं घ्यायची. नोव्हेंबर २०२० मध्ये पुढचं पाऊल पडलं. खेळ फार मोठा झाला, सांभाळणं जड जातं, हे कारण सांगून त्याची २०१७ ची मूळ कथा 'रेड वॉर' आणि मंगळ, बुध, आयो, टायटन ही ठिकाणं काढून टाकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फॉरसेकन'ची कथाही गेली. लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या कथा होत्या या. हौसेनं दिवाळी अंक विकत घ्यावा आणि तीन वर्षांनी संपादकांनी घरी येऊन, आमच्या गोदामात जागा नाही म्हणून तुमच्या कपाटातला नेतो, असं सांगावं, तसं हे झालं.

पुढचं तर वाचकांनी नीट ऐकावं. 'रेड वॉर' आपल्या लिखाणावरून उचलली, असा दावा एका लेखकानं अमेरिकेतल्या न्यायालयात केला. बंजीनं दावा फेटाळण्याची विनंती केली, तेव्हा त्या कथेत काय होतं हे दाखवायची वेळ आली. कंपनीकडे दाखवायला चालता खेळच नव्हता. मग चाहत्यांनी यूट्यूबवर टाकलेले व्हिडिओ पुढे केले गेले. २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ते ग्राह्य धरले नाहीत आणि दावा पुढे चालू ठेवला. ज्यांनी ती कथा घडवली, विकली आणि काढून घेतली, त्यांनाच ती उघडून दाखवता आली नाही. आम्ही विकत घेणारे कुठल्या दारात उभे राहणार होतो?

आता थोडं घरचं. मी धरून आमचा चौघांचा जुना कंपू आहे. एक पुण्यात पीसीवर, एक सांगलीत, एक न्यू जर्सीत प्लेस्टेशनवर. शनिवारी आमच्याकडे रात्र आणि तिकडे सकाळ, तेव्हा गाठ पडते. एका खेळात (नाव घेत नाही) नवा सीझन आला. तिघांनी घेतला, सांगलीच्या मित्राच्या घरी त्या महिन्यात दवाखान्याचा खर्च निघाला होता, त्यानं घेतला नाही. चौघे लॉबीत जमलो, मोहीम निवडली, आणि त्याच्या नावाशेजारी लहानसं कुलूप आलं. त्याच्यासकट आत जाता येईना. "तुम्ही जाऊन या, मी तोवर जेवतो," तो म्हणाला. त्या दिवशी तो दोनदा जेवला असावा, कारण आम्ही परत आलो तेव्हाही तो जेवतच होता. पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. पासाचे पैसे आम्ही तिघे मिळून सहज भरू शकलो असतो, पण हे मित्राला सांगायचं कसं, हे आपल्या दुकानात कुठे लिहिलेलं नसतं.

उरलेल्या तिघांचंही आपण भलंच केलंत. एकत्र खेळायला बसलो की प्रत्येकाच्या पासात आठवड्याची निराळी कामं. एकाला शॉटगननं इतके गडी टिपायचे आहेत, दुसऱ्याला ठरावीक भागातल्या पेट्या उघडायच्या आहेत, तिसऱ्याला अमुक अंतर गाडीनं कापायचं आहे. सामना सुरू होतो आणि तिघे तीन दिशांना. "अरे, इकडे दोघे अंगावर आलेत, ये!" असं ओरडलं तर उत्तर येतं, "थांब, एक पेटी राहिली." जिंकायला कोणी आलेलंच नसतं, जो तो आपापली यादी संपवायला आलेला. पूर्वी सामना हरलो तर डावपेच कुठे चुकला यावर वाद व्हायचा. आता हरलो तर "माझं चॅलेंज झालं" एवढं बोलून माणूस निघून जातो. खेळात असूनही सोबत नसणं ही कला आपण शिकवलीत.

आणि कोपऱ्यात ते घड्याळ. सीझन संपायला इतके दिवस, इतके तास. सुटीवर गेलो, आजारी पडलो, मुलाची दहावीची पूर्वपरीक्षा आली, तरी घड्याळाला दया नाही. राहिलेले टप्पे पैसे देऊन उघडता येतात, ही आपली माणुसकी. मुलांच्या बाबतीत तर आपल्या मंडळींचा हात फारच सैल. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं एपिककडून ५२ कोटी डॉलर वसूल करण्याचं ठरवलं, त्यातले २४.५ कोटी हे फसव्या बटणांमुळे झालेल्या खरेदीच्या परताव्याचे. खेळ झोपेतून जागा करताना किंवा नुसती वस्तू बघताना चुकीचं बटण दाबलं तरी पैसे कापले जात होते. आमच्याकडे आईच्या फोनवरचं यूपीआय आणि पिन माहीत असलेलं पोर हे एकाच खोलीत असतात. त्यांच्यासाठी असा परतावा कोणी मिळवून दिलेला नाही.

हे सगळं असंच असावं लागतं, असं आपले हितचिंतक सांगतात: सर्व्हर चालवायचे तर पैसा लागतो. लागतोच, आणि आम्ही तो देतोही. पण 'हेलो इन्फिनिट'नं २०२१ मध्येच असे पास आणले की एकदा घेतला की तो संपत नाही, हवा तेव्हा पुरा करा. 'हेल्डायव्हर्स २'मधले वॉरबाँड नावाचे पासही मुदतीशिवाय उघडे असतात. त्यांचेही सर्व्हर विजेवरच चालतात.

तेव्हा एवढ्या उपकारांखाली दबलेल्या माणसाच्या चार विनंत्या आपण मोठ्या मनानं ऐकाव्यात. एका यंत्रावर घेतलेलं दुसऱ्या यंत्रावरही चालू द्यावं. पैसे घेतलेली गोष्ट काढून घेऊ नये. खेळायला लागणारा नायक, हत्यार किंवा मैदान कुलपात ठेवू नये; कपडे, रंग, नाच यांचा खुशाल व्यापार करावा. आणि चौघांतल्या एकानं मोहीम घेतली असेल तर बाकीच्या तिघांना त्याच्यासोबत आत सोडावं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
लॉबीत ताटकळलेला एक खेळाडू

ता. क. : हे पत्र साहेब वाचणार नाहीत, म्हणून शेवटचं वाचकांसाठी. पुढचा पास घेण्याआधी दुकान उघडू नका, आधी कंपूला फोन लावा. चौघांनाही परवडत असेल आणि चौघांच्याही यंत्रांवर चालत असेल तरच घ्या. नाहीतर त्या सीझनपुरता सगळ्यांकडे असलेला एखादा जुना खेळ काढा. विक्री घटली की या मंडळींना लगेच कळतं. आमची पत्रं पोचत नाहीत.