मांडवी एक्सप्रेसमधली सर्वसाधारण सभा

पार्ले पूर्वेच्या जुन्या इमारतींत दोन प्रकारची माणसं राहतात : पुनर्विकास हवा असलेली आणि तो आपल्याच अटींवर हवा असलेली. त्यात डोक्यावरून विमानं जातात. विमानतळाच्या ‘फनेल झोन’मुळे इमारत किती चढवायची यावर बंधन असतं, त्यामुळे इमारतीला जी उंची गाठता येत नाही ती सभेतले आवाज गाठतात. २००९ साली गणपतीच्या तोंडावर आमच्या सोसायटीची अशीच एक सभा झाली. इतिवृत्त लिहायचं काम नेहमीप्रमाणे, खोकला आल्यामुळे सभेत गप्प बसलेल्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरीला जायचं होतं. म्हटलं, गाडीत लिहू. पिशवीत कपडे, मोदकाचा साचा आणि लॅपटॉप भरला.

लॅपटॉप म्हणजे असूसचा ई-पीसी. तैवानच्या या कंपनीने तो २००७ साली काढला आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे १८ हजारांच्या आसपास तो मिळायला लागला. सात इंचांचा पडदा, वजन किलोच्या आत, साठवण ४ जीबी. आज एका बारशाचे फोटोही त्यात मावायचे नाहीत. पण प्रवासाला त्याच्यासारखा दुसरा नव्हता. महागड्या लॅपटॉपांच्या पोटात तेव्हा गरगर फिरणारी तबकडी असे. खड्ड्यात गाडी आदळली की तबकडीवर तरंगणारी सुई तिला घासायची भीती. ह्याच्यात मेमरीच्या चिपा, फिरणारं काही नाही. गोवा हायवेवर एसटीच्या मागच्या सीटवर बसून मी त्यावर टाइप केलेलं आहे. मजकुराची हाडं मोडली, यंत्राचं काही बिघडलं नाही.

दादरपर्यंत लोकल. फास्ट गाडी पार्ल्याला सहसा थांबत नाही आणि त्याचा पार्लेकरांना कुठेतरी अभिमानही आहे, तेव्हा स्लो पकडली. चौथी सीट मिळाली. चौथ्या सीटवर माणसाचा एक पाय, एक मांडी आणि निम्मं आयुष्य पॅसेजमध्ये असतं. त्या एका मांडीवर मावेल असा लॅपटॉप जगात तेवढाच होता. लिनक्सवर चालायचा, अर्ध्या मिनिटात चालू व्हायचा. समोरच्या टाय लावलेल्या तरुणानेही आपलं बारा-तेरा पौंडी धूड उघडलं. मी सांताक्रूझला ‘इतिवृत्त’ हा शब्द लिहिला तेव्हा त्याचं सुरू होत होतं, वांद्र्यालाही सुरूच होत होतं. माहीमला त्याने ते निमूटपणे मिटलं.

मांडवीत खिडकी मिळाली आणि तिथेच घोटाळा झाला. पनवेल सोडल्यावर ऊन थेट पडद्यावर आलं आणि त्यात फक्त माझं तोंड दिसायला लागलं. निकोलस नेग्रोपाँटे नावाच्या गृहस्थांनी गरीब मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना काढली होती, त्यातूनच पुढे ही स्वस्त यंत्रांची लाट आली. त्यांच्या त्या हिरव्या-पांढऱ्या ‘एक्सओ’चा पडदा भर उन्हात वाचता यायचा, कारण तो झाडाखालच्या शाळेचा विचार करून बनवलेला. असूसने झाडाचाही विचार केला नव्हता आणि कोकण रेल्वेचाही. शेवटी मी डोक्यावरून टॉवेल घेतला आणि आत शिरून टाइप करू लागलो. थोड्या वेळाने टॉवेलवर हलकी थाप पडली.

“निलगिरी घातलीत का पाण्यात?” शेजारच्या लांज्याच्या काकू विचारत होत्या. टॉवेलखाली मी वाफारा घेतोय अशी त्यांची समजूत.

मी टॉवेल काढून लॅपटॉप दाखवला, आणि इतिवृत्त सार्वजनिक झालं. मोठ्या पडद्याचा एक फायदा असतो : शेजारी लांबून वाचतो आणि आपल्याला कळत नाही. सात इंची पडदा वाचायचा तर डोकं आत घालावं लागतं. माणगावपर्यंत माझ्या चष्म्यासमोर तीन डोकी होती. त्यातले राजापूरचे एक काका सहकार खात्यातून निवृत्त झालेले निघाले.

“ठराव क्रमांक चारला सूचक आहे, अनुमोदक कुठाय?”

“त्यावर भांडण झालं. अनुमोदक उठून गेला.”

“मग ठराव बारगळला. लिहा, बारगळला.”

तेवढ्यात कटलेटवाला आला. मांडवीची पँट्री प्रसिद्ध आहे, लोक तिला खाद्यराणी म्हणतात, आणि खाद्यराणीच्या सेवकाला ट्रे टेकवायला जागा लागते. त्याने माझा हात अलगद बाजूला केला, लॅपटॉप मिटला, वर ट्रे ठेवला आणि सुटे पैसे मोजायला लागला. ट्रे उचलल्यावर झाकणावर सॉसचा एक गोल उरला. तो पुढे कधीच पूर्ण गेला नाही.

खेडच्या आसपास बॅटरी मान टाकू लागली. तेव्हा स्लीपरच्या डब्यात चार्जिंगची सोय दोन-चार ठिकाणीच असायची, आणि आमच्या बाजूच्या सॉकेटात काकूंचा मोबाइल होता.

“इथे एकशेदहा व्होल्ट असतात,” काका म्हणाले. “तुमचा जळेल.”

अडॅप्टरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० लिहिलेलं असतं, त्यामुळे लॅपटॉपला ते चालतं. घरचा मिक्सर लावला असता तर रडला असता. हे मी सांगितलं, अक्षरं दाखवली, काकांनी ती चष्मा वर करून, मग खाली करून वाचली. पण काकू मोबाइल काढेनात. मुलगा स्टेशनवर न्यायला येणार होता, त्याला फोन करायचा होता.

“काढते,” अखेर त्या म्हणाल्या. “पण एक लिहा. अंगणातला फणस तोडायचा नाही.”

“काकू, आमच्या सोसायटीत फणस नाही.”

“मग लिहायला काय जातंय?”

बिनतोड मुद्दा होता. संगमेश्वर सोडलं, उक्षी गेलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर काळोख. दिवसाउजेडी डब्यातले दिवे कोणी लावलेले नव्हते. तेवढे सात इंच पेटलेले आणि भोवती पाच-सहा निळसर चेहरे. काकांना प्रसंगाचं गांभीर्य जाणवलं. “फणसाचा ठराव मताला टाकतो. गुप्त मतदान आहे, अंधार आहे तोवर हात वर करा.” किती हात वर झाले ते अर्थातच दिसलं नाही. “बहुमताने मंजूर,” काका म्हणाले. मी टाइप केलं आणि काकूंनी वायर काढली.

गणपतीनंतरच्या सभेत मी इतिवृत्त वाचून दाखवलं. पार्ल्यात इतिवृत्त वाचताना सगळे पुढच्या विषयावर बोलायची तयारी करत असतात, तेव्हा ते एका आवाजात कायम झालं आणि प्रत बिल्डरकडे गेली. दोन महिन्यांनी त्याचा आर्किटेक्ट नकाशा घेऊन आला. फाटकाच्या डाव्या हाताला एक मोठं हिरवं वर्तुळ होतं, त्यात सुबक अक्षरांत लिहिलेलं : ‘फणस (विद्यमान)’.

पहिल्या मजल्यावरचे नाना बराच वेळ त्या वर्तुळाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “झाडाला आमची हरकत नाही. पण त्याच्यापायी माझं पार्किंग का गेलं?”