घाम न गाळता

डहाणूला थंडी पडते, असं आम्ही दर जानेवारीत एकमेकांना पटवत असतो. पारा सोळा-सतरावर टेकला की डांबरगोळीच्या वासाच्या कानटोप्या कपाटातून बाहेर येतात आणि दहा वाजायच्या आत पिशवीत जातात. समुद्र शेजारी असला की हे असंच चालायचं. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. दिवसाची ऊब रात्रभर थोडी थोडी परत करत बसतं आणि थंडीला गावात नीट शिरू देत नाही. तलासरीकर या बाबतीत स्वतःला एक पायरी वरचे समजतात. ते किनाऱ्यापासून थोडे आत, त्यांच्याकडे पहाटे शेकोटी पेटते. म्हणून त्यांची थंडी खरी आणि आमची हौसेची. डहाणू-घोलवडच्या इराणी बागाईतदारांचं तर विचारूच नका. त्यांचे आजे-पणजे इराणातल्या यझ्दच्या बाजूचे, जिथल्या डोंगरांवर बर्फ साठतो. पण चिकूच्या सावलीत पिढ्या गेल्यावर त्यांचीही लोकर आता अठरा अंशांनाच बाहेर निघते.

अशा मुलखातली आमची टोळी बर्फात चालायला जायची म्हटल्यावर तलासरीच्या गुरुजींनी आधी गणित मांडलं. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आम्हाला जायचं होतं उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला. त्याची उंची ३,८१० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. हा केदारकंठा उचलून डहाणूच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाशेजारी उभा केला, तरी त्याच्या माथ्यावर जानेवारीच्या पहाटे उणे आठ भरतील. आणि तो काही डहाणूत नाही, आपल्यापेक्षा अकरा अक्षांश उत्तरेला आहे. महालक्ष्मीचा डोंगर चढून आम्ही आजवर जो गारवा कमावला, तो या हिशेबात दोन-तीन अंशांचा निघाला. गुरुजींनी फळा पुसल्यासारखा हात हलवला आणि सगळे गप्प झाले.

गप्प झालेली माणसं सरावाला लागतात. आमच्याकडे डोंगरांची वाण नाही. महालक्ष्मीचा गड झाला, गंभीरगड झाला, तलासरीकरांच्या आग्रहाखातर सेगवाह आणि बल्लाळगड झाले. बाहरोटच्या गुंफांपर्यंतही जाऊन आलो. संजाणवर संकट आलं तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी या डोंगरात बारा वर्षं लपवून सांभाळला, असं ‘किस्सा-ए-संजान’ सांगतो. थंडीत जाणाऱ्या माणसांनी अग्नीच्या जागेला नमस्कार करून यावा, हे सगळ्यांनाच पटलं. प्रत्येक चढाईनंतर शर्ट पिळून वाळत घातला. ज्याच्या शर्टातून जास्त पाणी निघालं त्याची तयारी जास्त, असा निकाल लागत गेला. आमच्याकडे कष्टाचं माप तेच. भातलावणी असो, चिकूची तोडणी असो की लग्नातली पंगत वाढणं, घाम दिसला की काम झालं.

खरेदीला वापी गाठली, आणि सल्ले मात्र घरबसल्या मिळाले. सुंठ घ्या, ओवा घ्या, मोहरीचं तेल चोळा, छातीला वर्तमानपत्र बांधा. गावात ज्याने कधी बर्फ पाहिला नाही त्याचा सल्ला सर्वांत ठाम होता. चिकूच्या सुकवलेल्या फोडी तर प्रत्येक घरातून आल्या. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा तो हिमालयात न्यायलाच हवा, असा त्यामागे जिल्ह्याचा अभिमान. आमच्यातल्या बागाईतदार काकांनी शिवाय दमणच्या ‘औषधा’ची सोय काढली होती. दमण तलासरीहून हाकेच्या अंतरावर, हे औषध तिथे स्वस्त, आणि थंडीवर त्याच्यासारखं दुसरं नाही, हे काकांचं मत. शरीरशास्त्राचं मत नेमकं उलटं आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त बाहेरच्या अंगाला येतं; माणसाला वाटतं ऊब आली, प्रत्यक्षात ऊब चाललेली असते. आमच्या टोळीत सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर होत्या. त्यांनी हे काकांना एकदाच सांगितलं. औषध घरी राहिलं.

डेहराडूनपासून मसुरी, पुरोला, मोरी करत दिवसभराच्या वळणांनंतर सांकरी येतं. तिथे गिर्यारोहणाचं सगळं सामान भाड्याने मिळतं: बूट, काठ्या, बुटांना लावायच्या दातेरी साखळ्या, पोटरीला बांधायची वेष्टणं. देवदाराच्या लाकडी घरांत खाली गुरं आणि वर माणसं राहतात. गुरांची ऊब फुकट वर चढते. आमचा वाटाड्या याच गावचा. त्याने आम्हाला नखशिखान्त न्याहाळलं. जवळ होते नव्हते ते सगळे कपडे आम्ही एकदमच घातले होते.

“आधे उतार दीजिए,” तो म्हणाला. “चलते हुए पसीना नहीं आना चाहिए.”

इथे आमच्या आयुष्यभराच्या शिकवणुकीला पहिला तडा गेला. बर्फात घाम हा शत्रू. कारण सरळ आहे: पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. चालताना भिजलेली बनियन थांबल्यावर तशीच अंगाला चिकटून राहते आणि पाच मिनिटांत दातांवर दात वाजायला लागतात. त्यातही सुती कपडा वाईट. डहाणूच्या उकाड्यात जे सूत आपल्याला घाम शोषून गार ठेवतं, तेच सूत इथे आपलं ते काम इमानाने करत राहतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. म्हणून एका जाड स्वेटरऐवजी पातळ पातळ तीन थर घालायचे. थरांमधली अडकलेली हवाच खरी ऊब देते. निघताना जरा कुडकुडतच निघायचं, अंग तापायच्या आधी एक थर काढायचा आणि थांबलं की थंडी वाजायच्या आधी तो चढवायचा. हे सगळं ‘आधी’ करायचं असतं, ही त्यातली अडचण. घाम आल्यावर घाम पुसणं आम्हाला ठाऊक. तो येणार आहे हे ओळखून थांबणं आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

बर्फात पाऊल टाकणं काही दूरचं नाही. भरतीरेषेच्या वरच्या सुक्या वाळूत ज्याने चालून पाहिलंय त्याला ते निम्मं येतं. फरक इतकाच की वाळूचा स्वभाव दिवसभर एक असतो. बर्फ पहाटे टणक असतो, तेव्हा बुटाचं टोक मारून पायरी करत चढायचं. दुपारी तोच ऊन खाऊन मऊ होतो आणि गुडघ्यापर्यंत गिळतो. उतरताना टाच आधी रोवायची, आणि अंग मागे टाकायचं नाही. भीतीने माणूस मागे रेलतो आणि मग बसूनच खाली जातो. काकांनी एक अख्खा उतार अशा बैठ्या पद्धतीने पार केला आणि खाली पोचल्यावर मुद्दाम तसं केल्याचा चेहरा धरला. पण ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते, त्यामुळे पडण्याने लागत नाही, आणि पडणाऱ्याला हसताही येतं. वयाचा, हुद्द्याचा मान इतक्या झटपट सपाट झालेला आम्ही आजवर फक्त डहाणू लोकलमध्ये चढताना पाहिला होता.

उन्हाचीही तीच तऱ्हा. कडक उन्हात वाढलेल्या माणसांना हिमालयातलं ऊन काय करणार, अशी आमची समजूत. वाळू अंगावर पडलेल्या उजेडातला थोडासाच परत फेकते. ताजा बर्फ शंभरातले ऐंशी-नव्वद भाग परत फेकतो. ऊन खालून लागतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, म्हणजे समुद्रकिनारी राहून जी जागा कधी काळवंडली नव्हती तिथे कातडी सोलून निघते. काळा चष्मा नसेल तर डोळेही भाजतात. घरी परतलो तेव्हा आम्ही थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलो, यावर कुणाचा विश्वास बसेना.

रात्रीचे नियम आणखी निराळे. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरायला लागतो आणि सकाळी तोंडाशी पाणी मोकळं राहतं. मोबाईल आणि ओले मोजे झोपायच्या पिशवीत आपल्याजवळ घ्यायचे. थंडीने बॅटरी मान टाकते, मोजे लाकूड होतात. घोलवडचे मानांकित चिकूसुद्धा तंबूच्या कोपऱ्यात राहिले तर दाताखाली कडाकडा वाजतात. आणि थंडी वरून जितकी येते त्याहून जास्त खालून येते. पांघरुणावर पांघरूण घेऊन आम्ही कुशी बदलत असताना, टोळीतली धुंदलवाडीकडची तरुण शिक्षिका मात्र निवांत झोपली होती. तिने रिकाम्या सॅका, दोर, उरलेले कपडे असं सगळं अंगाखाली पसरलं होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा तिथल्या कित्येक कुटुंबांनी हिवाळ्यातल्या रात्री घराबाहेर काढल्या. “तंबूत खाली पेंढा घातला नाही तर झोप लागत नाही,” एवढंच ती म्हणाली. आमचा पहिला तंबू सहलीचा होता. तिचा नव्हता.

तिचं चालणंही तसंच. शिखराला रात्री दोन-अडीचला निघायचं असतं, म्हणजे उजाडता माथा गाठता येतो आणि बर्फ टणक असताना उतरता येतं. आम्ही जोरात चढायचो, धापा टाकत थांबायचो, घामेजायचो, गारठायचो, पुन्हा जोर करायचो. ती आपली एकाच लयीत. आमच्या मागून यायची, आम्ही थांबलो की पुढे निघून जायची. स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछवर ऊन आलं तेव्हा ती माथ्यावर बसून बिस्किटं खात होती, आणि तिच्या कपाळावर थेंब नव्हता.

गुरुजींनी तिला गुपित विचारलं. ती म्हणाली, “लहानपणी आईबरोबर मोळी घेऊन बाजाराला जायचो. मोळी मध्ये उतरवली की परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. म्हणून थांबायचं नाही. थांबायचं नाही तर दमायचं नाही. दमायचं नाही तर घाई करायची नाही.”

गिर्यारोहणाच्या शाळांत हेच शिकवतात, फक्त फी घेऊन. पावलाला पाऊल जोडत, मागचा गुडघा क्षणभर ताठ ठेवून हाडांवर भार द्यायचा आणि स्नायूंना विसावा द्यायचा. राज्याच्या आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ काढलं, तेव्हा चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुलं मे २०१८मध्ये एव्हरेस्टवर पोचली. पुढच्या वर्षीच्या तुकडीत आपल्या पालघरचाही सहभाग होता. लोकांना नवल वाटलं की बर्फ न पाहिलेली मुलं तिथे टिकली कशी. त्यांना बर्फ नवा होता, चढ नवा नव्हता. मात्र मोळीचं गुणगान आपण बसल्या जागी करू नये. ती डोक्यावर हौसेने कुणी घेतलेली नसते, आणि आमच्या या शिक्षिकेची मुलं ती घेणार नाहीत, याची तजवीज तिने नोकरी धरून केलेली आहे.

काकांवर या सगळ्याचा खोल परिणाम झाला. दमू नये इतकंच चालावं, ही गोष्ट त्यांना साठीत पटली. पुढच्या हिवाळ्याचा बेतही त्यांनी ठरवून टाकलाय आणि रोज पहाटे ते बागेपासून किनाऱ्यापर्यंत हळू चालण्याचा सराव करतात. हा सराव ते इतक्या जोमाने करतात की घरी येईपर्यंत त्यांचा शर्ट पिळावा लागतो.